देह म्हणजे नुसतं वाहन? साफ असहमत

अबोल:
"देह हे भाड्याचं वाहन. चालक उतरला की उरतं ते भंगार, त्याची कसली प्रतिष्ठा?" परवाच्या चर्चेतलं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

आई अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. शेवटी तिला माझं नावही आठवत नसे. पण अंग पुसताना चादर सरकली, की तिचा हात ती ओढून घ्यायला यायचा. वाहनाला लाज असते? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनेही १६४१ साली लिहिलंय, की नावाडी नावेत असतो तसा मी देहात नाही. नाव फुटली तर नावाड्याला ते दिसतं. मला लागलं तर मला दुखतं.

परखड:
वाक्य माझंच. देकार्त अर्धाच सांगितलात, मन आणि देह वेगळे मानणाराही तोच. शिवाय आई जिवंत होत्या, मी मेल्यानंतरचं बोलतोय. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने स्वतःचा देह विच्छेदनाला दिला. १८३२ मध्ये गेला. कपडे घातलेला त्याचा सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अजून आहे. काय कमी झालं त्याचं? आम्ही वडिलांचं देहदान केलं, तेव्हा "बापाला चिरायला दिलंत" असं तोंडावर ऐकलंय. प्रतिष्ठा शब्द काढला की तिडीक जाते.

पाणवठा:
बेंथमने ते स्वतः ठरवलं होतं! अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या रुग्णाच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये तिला न विचारता ठेवून घेतल्या. त्या आजही प्रयोगशाळांत वाढताहेत, आणि घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. मुद्दा चिरण्याचा नाही, विचारण्याचा आहे.

सुईदोरा:
विचारतं कोण? तपासणीच्या वेळी सात-आठ विद्यार्थ्यांसमोर माझा गाऊन वर केला. "ही केस बघा." मी जागी होते हो! चौदा वर्षं झाली, छताचा पंखा अजून आठवतो.

रात्रपाळी:
नर्स आहे मी. दोघींवर अख्खा वॉर्ड असतो, कधी टेकून बघा. सगळं आमच्याच माथी का?

सुईदोरा:
पडदा ओढायला किती वेळ लागतो, ताई?

रात्रपाळी:
दोन सेकंद. राहून जातो. ते चूकच.

परखड:
विषय कुठल्या कुठे गेला. मृतदेहाला दुखत नाही, लाजही वाटत नाही, यावर मी ठाम आहे. पण वडिलांना सोपवताना मी त्यांच्या शर्टाचं उघडं बटण लावलं होतं. का, ते मला सांगता येत नाही. "भंगार" शब्द मागे घेतो. तेवढाच.