जागतिक ख्रिस्ती धर्मावरील मुंबईतील परिषदांत मराठीला जागा का नाही?

गिरगावकर :

गेल्या महिन्यात दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयात जागतिक ख्रिस्ती धर्म आणि मिशन-अभ्यास (म्हणजे मिशनऱ्यांच्या कार्याचा अभ्यास) या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. मी या विषयाचा अभ्यासक नाही. निवृत्त ग्रंथपाल आहे आणि रीतसर नाव नोंदवून मागच्या रांगेत बसलो होतो. निबंध चांगले होते, काही तर फारच चांगले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांवर एक निबंध वाचला गेला, पण त्यात एकही अभंग मराठीत म्हटला गेला नाही. पडद्यावर इंग्रजी भाषांतर होते आणि त्याखाली रोमन लिपीत मूळ ओळी होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी त्यांतली एक ओळ कशीबशी ओळखली आणि चालीवर हलकेच गुणगुणली. दोन दिवसांत त्या सभागृहात मराठी उमटली ती तेवढीच.

हे मला खटकले, ते भाषाभिमानामुळे नव्हे. या विद्याशाखेचा मुख्य सिद्धान्तच असा आहे की ख्रिस्ती धर्म भाषांतरातून वाढतो आणि ज्या भाषेत तो जातो त्या भाषेच्या माणसांच्या हाती त्याची सूत्रे जातात. गांबियात मुस्लिम घरात जन्मलेल्या लामिन सान्नेह यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले. स्कॉटिश इतिहासकार अँड्र्यू वॉल्स सिएरा लिओनमध्ये जुन्या चर्चचा इतिहास शिकवायला गेले आणि तिथे त्यांना उमगले की आपण ज्या दुसऱ्या शतकावर व्याख्याने देतो आहोत, तसेच तरुण चर्च आपल्या भोवती प्रत्यक्ष जगते आहे. मातृभाषेचे हे माहात्म्य दोन दिवस इंग्रजीतून ऐकायचे, आणि तेही जिथे अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ साली उतरले, त्या शहरात!

याच शहरात १८५७ साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद चौपाटीच्या वाळूत झाले. ते मराठीत झाले, उघड्यावर झाले, आणि फिरायला आलेला कोणीही माणूस ते उभ्याउभ्या ऐकू शकत होता. त्यात कोणाची सरशी झाली हा प्रश्न वेगळा. त्या वाळूपासून हाकेच्या अंतरावर आज आपण वातानुकूलित खोलीत त्याच वादांवर निबंध वाचतो, आणि ऐकणारे मात्र एकमेकांचेच सहकारी असतात.

संपूर्ण परिषद मराठीत घ्या, असे माझे म्हणणे नाही. मुंबईत होणाऱ्या अशा प्रत्येक परिषदेत निदान एक बैठक मराठीत आणि सर्वांना खुली असावी, तिच्यातील निबंध इतर निबंधांच्याच कसोटीने निवडलेले असावेत आणि त्याच ग्रंथात छापले जावेत, एवढीच मागणी आहे.

अभिलेख :

आपले दुःख समजते, पण युक्तिवाद पटत नाही. चौपाटीवरील त्या वादांचा उल्लेख आपण केलात. त्यांचा वृत्तान्त अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोएन यांनी त्याच वर्षी इंग्रजी पुस्तकरूपाने छापला, म्हणूनच ते वाद जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. वाळूत बोललेले शब्द वाळूतच राहतात.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याविषयी तेथील मिनी एब्रम्स यांनी लिहिलेली इंग्रजी पुस्तिका चिलीतील वालपराइसो बंदरात हूव्हर या मेथडिस्ट मिशनरी दांपत्याच्या हाती पडली, आणि १९०९ च्या सुमारास त्या देशात पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी, चळवळ उभी राहिली. पुणे जिल्ह्यातील एक खेडे आणि दक्षिण अमेरिकेतील एक बंदर यांना जोडणारा हा धागा ज्या भाषेत होता, ती भाषा टाळून या विषयाचे 'जागतिक'पण कसे टिकणार? नायजेरिया, कोरिया आणि चिली येथील अभ्यासक एका टेबलाभोवती बसणार असतील, तर त्यांना समाईक भाषा लागणारच.

आणि मराठी बैठकीचे व्यवहारात काय होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लागते, पाहुणे तेव्हा एलिफंटा पाहायला गेलेले असतात, आणि उरलेले पंधरा जण एकमेकांची स्तुती करून चहाला उठतात. ज्या तरुण संशोधकाला नोकरी मिळवायची आहे, त्याला अशा बैठकीत ढकलणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्पष्टवक्ता :

मुळात या 'अभ्यासा'ला आपण इतके पवित्र का मानतो? अलेक्झांडर डफ हे कलकत्त्यातील मिशनरी. त्यांच्यासाठी १८६७ साली एडिंबरोत या विषयाचे अध्यासन निर्माण झाले ते धर्मप्रसारक घडवण्यासाठी. त्याच शहरात १९१० साली जागतिक मिशनरी परिषद भरली ती उरलेल्या जगाचे ख्रिस्तीकरण कसे करावे, याची आखणी करण्यासाठी. आता शब्द बदलले आणि पाटी नवी लागली. अशा परिषदेत मराठी मागणे म्हणजे आपल्याच अंगणात येऊ पाहणाऱ्याला आपणच रांगोळी काढून देणे होय.

गिरगावकर :

स्पष्टवक्ता यांनी दिलेली वंशावळ खरी आहे आणि ती कोणी लपवलेलीही नाही. या विषयाचे आजचे अभ्यासकच तिच्यावर सर्वांत कठोर टीका करतात. १९१० च्या त्या परिषदेत सुमारे १२०० प्रतिनिधी होते आणि त्यांत आशियातून आलेले वीसही नव्हते. त्या मूठभरांपैकी भारतीय धर्मगुरू व्ही. एस. अझरिया यांनी भर सभेत सांगितले की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ त्याग केलात, पण आम्हांला हवे आहेत ते मित्र. पुढे १९३८ च्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे अशीच परिषद भरली, तेव्हा इतर धर्मांकडे कसे पाहावे यावरून भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी डच मिशनरी-विचारवंत हेंड्रिक क्रेमर यांना उघड विरोध केला. ज्या विषयात असे वाद झडतात त्याला केवळ प्रचार म्हणणे मला घाईचे वाटते. शिवाय आपल्याला आक्षेप घ्यायचा असेल, तर तो घेण्यासाठी तरी सभागृहात आपल्याला समजणारी भाषा हवी ना? मोरभट दांडेकरांनी १८३१ च्या सुमारास मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला, तेव्हा विल्सन यांना मराठी येत होते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर द्यावे लागणे, ही त्या काळातील मिशनऱ्यावर पडलेली जबाबदारी होती. आजच्या प्राध्यापकावर ती नाही.

अभिलेख यांचा जेवणानंतरच्या बैठकीचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करणारा आहे. ती बैठक पहिल्या दिवशी सकाळी, बीजभाषणानंतर लगेच हवी, असे मी माझ्या मागणीत जोडतो.

वसईवाला :

एक छोटी शंका. 'मराठी बैठक' म्हणजे कोणाची मराठी? माझ्या घरात सामवेदी ही वसईकडची बोली बोलतात. माझ्या आजीने अर्धे आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली ती प्रमाण मराठीत, आणि आजीला तीही थोडी परकीच वाटे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे ख्रिस्तपुराण घ्या : मराठीवाले ते मराठीचे भूषण म्हणून मिरवतात, आणि गोव्यातील मंडळी त्यातील कोकणी छटांकडे बोट दाखवतात. मातृभाषेचा सिद्धान्त लावायचाच, तर तो पुण्याच्या शुद्धलेखनाशी थांबवू नका.

नगरची लेक :

वरची सगळी चर्चा वाचून मला जरा हसू आले. टिळक, रमाबाई आणि फार तर 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी यांवरच आपली गाडी नेहमी फिरते. मुक्ता साळवे मांगांच्या दुःखाविषयी अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदया'त लिहून गेली, ते १८५५ साली. त्या नियतकालिकाचे नाव या चर्चेत अजून कोणी घेतलेले नाही. इंग्रजी परिषदेत उच्चवर्णीय धर्मांतरितांवर निबंध असतात आणि मराठी परिषदेतही त्यांच्यावरच असतात. भाषा बदलल्याने माझ्या पणज्याला आत प्रवेश मिळत नाही.

आमचे लोक अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून मिशनकडे आले. मिशनच्या बोस्टनमधील मूळ संस्थेला गेलेल्या अहवालांत ते बहुतेकदा संख्या म्हणून येतात. ते अहवाल आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत, म्हणजे आमच्या गावचा इतिहास वाचायला व्हिसा लागतो. दलित ईशज्ञानाची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेल्या ख्रिस्ती धर्मविचाराची, पायाभूत मांडणी करणारे अरविंद निर्मल हे महाराष्ट्रातले. पण त्यांनी १९८१ साली ती मांडली बंगळूरला आणि इंग्रजीत, आणि ती देशभर पोहोचली. त्यामुळे अभिलेख यांचे म्हणणे मी सहज उडवून लावणार नाही. इंग्रजीने आमच्यासाठी एक दार उघडले आहे, आणि ते ज्यांच्या घरात तीन पिढ्या उघडेच होते, त्यांनी आम्हांला मराठीचे प्रेम शिकवू नये. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, आम्हांला आजही नाही. हा प्रश्न ज्यांच्या जगण्याचा आहे, ती माणसे इंग्रजी परिषदेच्या जिन्यापर्यंतही येत नाहीत.

अभिलेख :

नगरची लेक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण मग त्यावरचा उपाय मराठी बैठक नसून अहवालांचे अंकीकरण (डिजिटायझेशन) हा आहे. कागद येथे आले की संशोधन येथे होईल, मग ते कोणत्याही भाषेत लिहिले जावो.

गिरगावकर :

चाळीस वर्षे ग्रंथालयात काढल्यावर मला एवढे कळते की कागद आल्याने वाचक येत नाही. 'ज्ञानोदया'चे जुने अंक ज्या कपाटात असत त्याची किल्ली माझ्याकडे होती, आणि ती वर्षातून दोनदा मागितली जाई. मागणारा बहुधा परदेशी असे आणि सोबत मराठी वाचून दाखवणारा एक विद्यार्थी आणत असे. त्या विद्यार्थ्याचे नाव पुढे छापलेल्या ग्रंथाच्या आभारात येई. निबंध त्या विद्यार्थ्याने लिहावा आणि ज्या भाषेत त्याने ते अंक वाचले त्याच भाषेत तो लिहिण्याची त्याला मुभा असावी, हे माझे म्हणणे अजूनही कायम आहे.

'ज्ञानोदया'चे नाव माझ्याकडून राहिले ही चूक खरीच. कपाटाची किल्ली माझ्याकडे असताना ती व्हावी याची मला लाज वाटते. वसईवाला यांची शंकाही मान्य आहे. सामवेदीत कोणी निबंध वाचला तर मला निम्मा समजेल, आणि तेवढे मला पुरे आहे.

नगरची लेक यांना एक विनंती आहे. आपल्या घरी जुनी पत्रे, वह्या, भजनांची हस्तलिखिते असे काही असेल, तर त्यावर आपण पुढच्या चर्चासत्रात मराठीत वाचाल का? आयोजकांशी मी बोलेन.

नगरची लेक :

पणज्याची एक वही आहे. अर्धी मोडीत आणि अर्धी बाळबोधीत लिहिलेली. भजने कमी आणि उधारीचे हिशेबच जास्त. वाचीन. पण माझ्या आधी टिळकांवरचा निबंध लावू नका. तो लांबतो आणि मग माझी दहा मिनिटे कापली जातात.