दाबोळीची विमानं मोपाला न्या आणि वास्कोला श्वास घेऊ द्या: पटतंय का?

वास्कोकार

मंडळी, सरळ मुद्द्याला येतो. गोव्याच्या दाबोळी विमानतळावरची सगळी प्रवासी विमानं ठरवून, तारीख जाहीर करून उत्तरेतल्या नव्या मोपा विमानतळावर न्यावीत आणि वास्को-चिखली पट्ट्याचा नव्याने आराखडा करावा, असं माझं मत आहे. मुरगाव तालुक्यात राहून हे म्हणणं म्हणजे शिव्या अंगावर घेणं. घेतो.

मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. त्याआधीपासून आजपर्यंत सरकार एकच पालुपद लावतंय, दाबोळी बंद होणार नाही. कागदावर झालेलाही नाही. पण ओमान एअर मोपाला गेली, एअर इंडियाचं लंडन गेलं, २०२४ च्या जूनमध्ये कतार एअरवेज गेली. कुणी बंद केला नाही, पण तो रिकामा होतोय. असं झिजत राहण्यापेक्षा एकदाच काय ते ठरवा.

वास्कोत बंदर आहे, रेल्वे आहे, विमानतळ आहे. तिन्हींचा त्रास आम्हाला, कमाई दुसऱ्यांना. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा मालगाडीच्या वाघिणींतून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो आणि त्याची भुकटी आमच्या ग्रिलवर बसते. विमानातून उतरलेला पर्यटक तर वास्कोत चहाही पीत नाही. टॅक्सी धरतो आणि कोलवा नाहीतर कळंगुट गाठतो. २०१३ ची टर्मिनलची इमारत धडधाकट आहे. तिथे इस्पितळ करा, कॉलेज करा, प्रदर्शन केंद्र करा. बर्लिनचा टेम्पलहोफ २००८ मध्ये बंद झाला, आज लोक तिथल्या धावपट्टीवर सायकल चालवतात. हाँगकाँगचा काई टाक १९९८ मध्ये बंद झाला, तिथे घरं, क्रूझ टर्मिनल आणि आता स्टेडियम उभं आहे. आपल्यालाच का जमू नये?

रनवे२६

वास्कोकारबाब, जमीन कुणाची ते आधी बघा की!

दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. १९६२ पासून. आपण ज्याला विमानतळ म्हणतो तो म्हणजे टर्मिनल, पार्किंग आणि विमानं उभी राहतात तेवढी फरशी. धावपट्टी नौदलाची, विमानांची ये-जा सांभाळणारं एटीसी नौदलाचं. उद्या शेवटचं इंडिगो मोपाला गेलं तरी नौदलाची लढाऊ मिग-२९के इथेच उडणार. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या पी-८आयची दुसरी तुकडी २०२२ मध्ये इथेच आणून ठेवली. विमानवाहू नौकेच्या डेकसारखा टोकाला वर वळलेला पट्टा इथेच बांधलाय, नौदलाच्या तेजस विमानाने २०१४ मध्ये अशा वळलेल्या पट्ट्यावरची पहिली झेप इथूनच घेतली. हे सगळं कोण उचलणार?

टेम्पलहोफवर सायकली फिरतात कारण वरून काही उडत नाही. तिथे तरी काय झालं? सरकारला कडेने घरं बांधायची होती, २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून तेही हाणून पाडलं.

विमानतळामुळे तुमची कोंडी म्हणजे इमारतींच्या उंचीवरचं बंधन आणि आवाज, बरोबर? उंचीची एनओसी नौदलाकडूनच आणावी लागते, ती पुढेही लागेल. आणि आवाजाचं म्हणाल तर सकाळी मिग उठतात तेव्हा बोगमाळोच्या वाटेवरच्या दुकानात बरण्यांची झाकणं थरथरतात, दुकानदार सुटे पैसे हातात धरून आवाज जाईपर्यंत थांबतो. प्रवासी विमानाने असं कधी थांबवलंय कुणाला? म्हणजे कटकट तशीच राहणार आणि नोकऱ्या मात्र मोपाकडे, पेडण्याला.

काणकोणची

वास्कोकार, तुम्हाला विमानतळ घराशेजारी आहे म्हणून तो नकोसा झालाय.

आमच्याकडून दाबोळी साठेक किलोमीटर, मोपा शंभराच्या वर. आईला दर काही महिन्यांनी तपासणीला मुंबईला न्यावं लागतं. पहाटेचं विमान मोपाहून असलं की आम्ही मध्यरात्री निघतो. करमल घाटाची वळणं, मग मडगाव, जुवारी, मांडवी, पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाचे पत्रे आणि वळवलेले रस्ते, म्हापसा, धारगळ, आणि मग तो लांबलचक जोडरस्ता. आई मागे उशी घेऊन आडवी, दर अर्ध्या तासाने विचारते, "पावलें गो?" (पोचलो का गं?) टॅक्सीचं भाडं कधी कधी विमानाच्या तिकिटाला टेकतं. मोपाला कदंबच्या इलेक्ट्रिक बसगाड्या आहेत, चांगल्या आहेत, पण अपरात्री काणकोणहून मडगावच्या स्टँडवर पोचायचं कशाने?

सासष्टी, केपे, सांगे, काणकोण, सगळ्यांची हीच कथा. आणि कोलवा, बाणावली, वार्का, केळशी, मोबोर इथली हॉटेलं? परदेशी पाहुणा नऊ-दहा तास विमानात बसून आला की पुढे दोन-अडीच तास गाडीत बसायला तयार नसतो, तो उत्तरेतच राहतो.

पेडण्याचो काजूकार

आता आमचंही ऐका. मोपाला विरोध करणारे सगळे दक्षिणेकडचे. वीसेक वर्षं "मोपा नाका" चालू होतं. आणि ज्यांनी सडा, म्हणजे डोंगरावरचं पठार, दिला ते आम्ही.

दोन हजार एकरांच्या वर जमीन गेली. तुम्हाला विमानातून नुसतं माळरान दिसलं असेल. त्या सड्यावर आमची काजूची भाटं होती, गुरं चरत होती, धनगर कुटुंबं राहत होती, त्यांना उठवलं. पन्नास हजारांच्या वर झाडं तोडायची परवानगी झाली. पर्यावरण अहवालात गोष्टी दडवल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये काम थांबवलं, तेव्हा वाटलं वाचलो. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली.

जे जायचं ते गेलं. आता निदान विमानतळ भरून चालू दे. अर्धा इथे, अर्धा तिथे करून दोन्हीकडे रडायचं का? आमच्या पोरांना सांगितलेल्या नोकऱ्या विमानं वाढली तरच मिळतील. आज मिळतात त्या ट्रॉल्या ढकलायच्या आणि गेटवर उभं राहायच्या. टॅक्सीच्या काउंटरसाठी धारगळला आंदोलनं करावी लागली, ते वेगळंच. पण दाबोळी वाचवायला मोपा उपाशी ठेवा म्हणणाऱ्यांनी आमच्या सड्याचं काय ते आधी बोलावं.

वास्कोकार

@रनवे२६ जमिनीचा मुद्दा मला नवा नाही. पण नौदलाने इथेच राहावं असं वेदात लिहिलंय का? भारताने नाकेबंदी केली म्हणून पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये दाबोळी बांधला, तो प्रवासी विमानांसाठी. त्यांची स्वतःची कंपनी इथून कराचीला, लिस्बनला विमानं नेत होती. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्याच हवाई दलाने धावपट्टीवर बाँब टाकले, मुक्ती झाली आणि नौदल आत आलं. त्यानंतर आपण भाडेकरू. कारवारला सीबर्डसारखा प्रचंड तळ झालाय, अंकोल्याला नौदलाची धावपट्टी होऊ घातलीय. हंसा तिकडे न्या.

@काणकोणची, आईचा त्रास कळतो. पण त्याला उपाय दक्षिणेतून रात्रीची बस, चांगली आणि हक्काची. विमानतळ प्रत्येक तालुक्यात नाही होत.

रनवे२६

अंकोल्याचा तळ अजून व्हायचाय आणि तो सीबर्डच्या गरजेपोटी, हंसाला पर्याय म्हणून नव्हे. हँगर, कार्यशाळा, प्रशिक्षण, क्वार्टर्स, साठेक वर्षांत जे उभं राहिलं ते ट्रकात घालून नेता येत नाही. आणि समजा नेलंच, तर मोकळी धावपट्टी बघून तुम्ही कॉलेज बांधाल? पहिली मागणी येईल, पूर्ण दाबोळी नागरी करा. मग तुमचाच मुद्दा उलटा!

बांदेकर

सीमेपलीकडून बोलतो, चालेल ना? बांदा, सावंतवाडी, दोडामार्गवाल्यांना मोपा अंगणात आहे. आमच्या जिल्ह्याचा चिपी ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झाला, पण त्याची मुंबईची सेवा मध्येच बंद पडली. परुळ्याला, म्हणजे चिपीला, जाण्यापेक्षा मोपा सोपा, असं वेंगुर्ल्याचे लोकही म्हणू लागलेत. तेव्हा मोपावर गर्दी होतेय ती फक्त दाबोळीची नाही, आमचीही आहे.

टॅक्सीवाल्याचो पूत

इस्पितळ करा म्हणे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर बापाने घर चालवलं, कर्ज फेडलं. आता नंबर लागायला दुपार होते. त्या इस्पितळात आम्हाला स्ट्रेचर ढकलायला ठेवणार का?

हिशेबी

सगळे भावनेवर चाललेत, जरा पैशाकडे बघू.

एक, २०१८-१९ मध्ये एकट्या दाबोळीने ८० लाखांच्या वर प्रवासी हाताळले. मोपाचा पहिला टप्पा बांधला तो वर्षाला ४४ लाखांच्या हिशेबाने. टप्पे वाढतील, पण "सगळं मोपाला न्या" हे आज बटण दाबून होणारं काम नाही.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. मोपाच्या करारात राज्य सरकारला महसुलाचा ३६.९९ टक्के वाटा आहे. दाबोळीचं टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, म्हणजे केंद्राचं. तिथे राज्याला असा वाटा नाही. मग "दाबोळी बंद होणार नाही" असं जे सरकार म्हणतं, त्याच सरकारला प्रत्येक विमान मोपाला गेलं तर फायदा आहे. मी कुणावर आरोप करत नाही, पण पंच एका संघाचा भागीदार असेल तर ते निदान माहीत असावं.

वास्कोकार परदेशातले दाखले देतात, आपल्या शेजारचे बघा. २००८ मध्ये हैदराबादचं बेगमपेट आणि बंगळुरूचा एचएएल प्रवासी विमानांना बंद झाले. तिथे करारातच होतं, नव्या विमानतळापासून दीडशे किलोमीटरमध्ये दुसरा नको. आणि मिळालं काय? बंगळुरूच्या लोकांना ना बाग मिळाली ना घरं. एचएएलची धावपट्टी तशीच आहे, लष्करी आणि खासगी विमानं उतरतात. दाबोळीला नेमकं हेच होईल. गंमत म्हणजे २००० मध्ये केंद्राने मोपाला तत्त्वतः होकार दिला तेव्हा दाबोळी प्रवाशांसाठी बंद करायची अट होती. लोक रस्त्यावर आले, राजकारण तापलं आणि ती अट पुढे काढून टाकली. मोपाची निविदा निघाली ती दाबोळी चालू राहील असं धरूनच. तेव्हा जी लढाई जिंकली ती आता कंपन्यांच्या वेळापत्रकात हरतोय.

माझं म्हणणं, कुठली उड्डाणं दाबोळीला राहतील ते लेखी ठरवा. नवी मुंबई झाली म्हणून सांताक्रूझला कुणी टाळं लावत नाही.

पेडण्याचो काजूकार

@हिशेबी मुंबईची लोकसंख्या किती, गोव्याची किती? पंधरा-सोळा लाखांच्या राज्याला दोन विमानतळ म्हणजे चैन.

हिशेबी

विमानतळ लोकसंख्येवर चालत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालतो. ती चैन असेल तर मग मोपा बांधलाच कशाला, हा प्रश्न पहिला तुम्ही विचारायला हवा होता. तुमचा तर सडाच गेलाय.

खारीवाड्याची

मी वास्कोचीच आणि वास्कोकारांशी मुळीच सहमत नाही.

शहर सुधारायला विमानतळच हलवावा लागतो हे कुणी सांगितलं? बंदराच्या ताब्यातली जागा बघा. बस स्टँड बघा, पावसात तिथे उभं राहून दाखवा. आमच्या खारीवाड्याला होड्या लावायला नीट जेटी मागून मागून लोक म्हातारे झाले. यातलं काहीही दाबोळीच्या धावपट्टीमुळे अडलेलं नाही.

आणि नवा आराखडा म्हटलं की मला वास्कोतलं बायणा आठवतं. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसात, तिथल्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला. शरीरविक्रीच्या धंद्याची वस्ती म्हणून सगळं पाडलं, त्यात मजुरी करणाऱ्यांची घरंही गेली. किनारा मोकळा झाला. माणसं कुठे गेली ते आराखडा करणाऱ्यांना विचारा. दाबोळीचं काही मोकळं झालंच, तर तिथे आधी कुणाचे टॉवर येतील ते चिखलीच्या डोंगरकडा बघून ओळखा. कोळसा थांबवायची लढाई सोडून हा विमानतळाचा घोळ कशाला?

वास्कोकार

कोळशाच्या मोर्चात मी होतो, ते राहू द्या. टॉवरची भीती मलाही आहे, म्हणूनच आराखडा आधी आणि विमानं नंतर हलवा म्हणतोय. तो नसताना विमानं गेली तर टर्मिनलला कुलूप आणि बाहेर भंगार.

दोन्ही ठेवा म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. नौदलाच्या सरावासाठी दाबोळीला सकाळचे तास प्रवासी विमानांना मिळत नव्हते, कंपन्या मोपाकडे बघू लागल्या त्यात ते एक कारण. मोपा चोवीस तास उघडा. ते तास सोडा असं कोण सांगणार नौदलाला? तुम्ही?

रनवे२६

सांगायचं खासदारांनी, संरक्षण मंत्रालयाला. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा आहे, तिथेही तास वाढवून घेतलेच ना. पूर्वी दाबोळीलाही पाठपुरावा केला तेव्हा नौदलाने सवलती दिल्यात. मागणारा हवा.

काणकोणची

मागणारा नाही, तिथेच तर अडलंय. दक्षिणेचे आमदार विधानसभेत दाबोळीवरून आवाज चढवतात आणि अधिवेशन संपलं की विसरतात. हिशेबी म्हणतात तशी उड्डाणांची यादी लेखी मागायची तर मडगाव, केपे, काणकोणच्या पालिकांनी आणि आमच्या पंचायतींनी ठराव करायला हवेत. आमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी मी मांडते. वास्कोकार, तुम्ही चिखलीच्या ग्रामसभेत तुमचा उलटा ठराव मांडा, बघू किती हात वर होतात.

वास्कोकार

मांडणार. टॅक्सीवाले पहिल्या रांगेत असतील, तेही माहीत आहे.