मदत हवी आहे: इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची) जुनी दप्तरं

नवरा इंग्रज, त्याचं मूळ घराणं नॉरफोकमधल्या एका खेड्यातलं. सासूबाईंसाठी वंशावळ काढतेय आणि खापरपणजोबांच्या वडिलांपाशी अडले आहे.

१८५१च्या जनगणनेत ते शेतमजूर, वय ४४, जन्म त्याच गावचा. म्हणजे जन्म साधारण १८०७चा. पण चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत ते नाहीतच! १८४१ची जनगणना फारशी कामाची नाही. तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे आणि जन्मगावाऐवजी फक्त 'याच काउंटीत का' एवढंच विचारायचे. सरकारी जन्मनोंदणी तर जुलै १८३७ पासूनची.

कुटुंब मेथडिस्ट (चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळा झालेला पंथ) असावं असा माझा संशय आहे. त्यांच्या चॅपलच्या (प्रार्थनाघराच्या) जुन्या वह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, पण लहान खेड्यातल्या चॅपलची नोंद कोणत्या सर्किटखाली (आसपासच्या चॅपल्सच्या गटाखाली) शोधायची? की आधी चर्चच्या नोंदवहीच्या बिशपकडे जाणाऱ्या वार्षिक नकला पाहू? गरिबांना 'आमच्या पॅरिशचे नाहीत' म्हणून परत धाडायचे, त्या चौकशीच्या कागदांत कुणाला पूर्वज सापडलेत का? त्यात म्हणे अख्खी जन्मकहाणी मिळते.

नॉरिचला, नॉरफोकच्या दप्तरखान्यात, एकच दिवस जाता येणार आहे. आधी काय मागवू?