१,७६,६३,१९,०४९ : भास्कराचार्यांच्या उदाहरणातला ‘एक’ कुठे गेला?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

दहावीच्या शिकवणीत मी भास्कराचार्यांचे प्रसिद्ध उदाहरण सांगितले: असा वर्ग शोधा, की त्याची ६१ पट करून १ मिळवला तरी पूर्ण वर्गच येईल. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग, आणि त्यातून येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. एका विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये वजाबाकी करून आणली, तर १ ऐवजी शून्य आले. नऊचा ताळा फळ्यावर जुळला. पण ताळा म्हणजे सिद्धता नव्हे, हे तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले. एकोणीस अंकी गुणाकार न करता तिची खात्री कशी पटवावी?

उत्तर १

सर, तिची मांडणी बरोबरच आहे. एक्सेल पंधरा सार्थ अंकच दाखवते आणि हा वर्ग ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ इतका आहे. एवढ्या मोठ्या आकड्यांत त्याला साठवता येणाऱ्या लगतच्या दोन संख्यांमध्येच ५१२ चे अंतर असते, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच संख्येवर जाऊन बसतात.

उत्तर २

वर्ग करूच नका, १,७६,६३,१९,०४९ या संख्येचे दोन शेजारी पाहा. एकाने लहान संख्या २ × २९,७१८² आहे आणि एकाने मोठी संख्या १२२ × ३,८०५² आहे. अ² − १ = (अ − १)(अ + १) हे सूत्र तिला येतेच; म्हणून या दोघांचा गुणाकार म्हणजे मूळ वर्गातून १ वजा केलेली संख्या, आणि २ × १२२ = ६१ × ४ असल्याने ती ६१ × (२ × २९,७१८ × ३,८०५)² होते. कंसातला गुणाकार नेमका २२,६१,५३,९८० येतो. मला या संख्येचे सगळे सौंदर्य याच जागी दिसते.

उत्तर ३

२९,७१८ कुठून आले, हेही वर्गात सांगावे. ८² − ६१ = ३ पासून चक्रवालाची (अशी उदाहरणे फेऱ्याफेऱ्यांनी सोडवण्याच्या जुन्या भारतीय रीतीची) एकच फेरी केली की ३९² − ६१ × ५² = −४ मिळते. ३९ व ५ यांची निमपट घेतल्यास बाकी −१ राहते, आणि त्या जोडीला ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ (दोन जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी काढण्याची रीत) तिच्याच जोडीने दोनदा लावली की अपूर्णांक नाहीसे होऊन २९,७१८ आणि ३,८०५ उरतात. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे हाच ६१ ठेवला होता. भास्कराचार्यांनी तो ११५० च्या सुमारासच सोडवलेला होता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज फळ्याच्या डाव्या बाजूला मी २९,७१८ चा वर्ग केला: ८८,३१,५९,५२४. उजव्या बाजूला तिने स्वतः ३,८०५ चा वर्ग करून, १,४४,७८,०२५ ला ६१ ने गुणले: ८८,३१,५९,५२५. शेवटच्या अंकाखाली तिने खडूने रेघ ओढली.