नॉगला घडवणारे प्रसंग कोणते? मदत हवी आहे

१९९३ ते १९९९ या काळात प्रसारित झालेल्या 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' या मालिकेतील नॉग या फेरेंगी (परग्रहावरील एका जमातीच्या) मुलावर मी एक लेख लिहीत आहे. स्टारफ्लीट या अंतराळ दलामध्ये जाण्यासाठी शिफारसपत्र हवे म्हणून तो अंतराळस्थानकाचे प्रमुख सिस्को यांच्यापुढे नाण्यांची थैली ठेवतो (व्यापारी जमातीतील मुलाला हीच रीत ठाऊक!), तेव्हा सिस्को त्याला गोदामातील मालाची मोजदाद करायला लावतात. ते काम त्याने चोख केल्यावरही ते मुद्दाम नकार देतात आणि दंडांना धरून खरे कारण विचारतात. त्यावर, यंत्रांत विलक्षण गती असूनही मद्यालयात राबत राहिलेल्या वडिलांसारखे आपले होऊ नये, हे त्याच्या तोंडून बाहेर पडते.

माझ्या मते यात परीक्षा अधिक आणि मार्गदर्शन कमी आहे. पुढे तो कॅडेट म्हणून स्थानकावर परततो आणि लढाईत पाय गमावल्यानंतर खचतो, एवढे मी पाहिले आहे. मधल्या काळात सिस्को किंवा स्थानकाचे मुख्य अभियंता ओब्रायन त्याला प्रत्यक्ष काम शिकवताना दिसतात, असे भाग जाणकारांनी कृपया सुचवावेत. शिवाय 'मेंटॉर'साठी 'गुरू' फार जड वाटतो. दुसरा शब्द सुचतो का?