शब्दचर्चा: चालकाला दिलेलं ‘शेड्यूल’ म्हणजे वेळापत्रक का?

घणसोलीकर
२००१ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या ‘ट्रेन्झ’ या संगणकावर रेल्वे चालवायच्या खेळात मी आपला ठाणे–वाशी मार्ग उभा करतोय आणि सोबत मुलांसाठी मराठीत माहिती लिहितोय. गाडी अडली आहे ती ‘शेड्यूल’पाशी. या खेळात कामं गाडीला नाही, चालकाला नेमून देतात: अमक्या खुणेपर्यंत जा, थांब, डबे जोड, डबे सोड, पहिल्यापासून पुन्हा सुरू कर. प्रत्येक कामाचं छोटं चित्र चालकापुढे एका ओळीत दिसतं. ही अख्खी ओळ म्हणजे ‘शेड्यूल’. ती नाव देऊन साठवता येते आणि दुसऱ्या चालकाला जशीच्या तशी देता येते. तिला काय म्हणावं? ‘वेळापत्रक’ मला पटत नाही. ऐरोलीनंतर रबाळे, मग घणसोली, एवढंच त्यात असतं. किती वाजता, हे मुद्दाम घातल्याशिवाय नसतं.

पारसिक
‘सूचनावली’ चालेल का?

कोपरीची वाचक
नको. सूचना ‘मांडता’ येते, ‘केली’ जाते आणि ऐकणारा ती बाजूला ठेवू शकतो. आदेश कार्यालयातून निघतात, हुकूम सोडतात, आज्ञा पाळतात. खेळातला चालक उलट विचारत नाही, सिग्नल मिळाला की निघतो. म्हणून एकेका कामाला ‘आज्ञा’ हाच शब्द नेमका बसतो. मात्र ओळीला ‘आज्ञावली’ म्हणू नका. तो शब्द संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी रुळला आहे, मुलं गोंधळतील.

पारसिक
हे पटलं. मग रेल्वेतला शब्द घेऊ या. माझे वडील मोटरमन होते. आमच्या घरात रोजचा शब्द होता ‘लिंक’. कोणती गाडी घ्यायची, कुठे सोडायची, परतताना कोणती धरायची, याची ती साखळी. रेकची, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या अख्ख्या गाडीची लिंक वेगळी, माणसाची वेगळी. आणि माणसाची लिंक कुणा एकाच्या मालकीची नसते. आज ती एकाला लागते, उद्या दुसऱ्याला. साठवलेलं काम दुसऱ्या चालकाला देणं म्हणजे हेच की!

घणसोलीकर
अर्थाने ‘लिंक’ सगळ्यांत जवळचा, यात वाद नाही. पण आजची मुलं लिंक म्हटल्यावर मोबाइलवर बोट ठेवतात. मोठ्यांसाठी लिहीन तेव्हा तोच घेईन. आता ‘आज्ञाक्रम’ धरतो. तुमच्या बोलण्यातून मला क्रियापद मात्र मिळालं: लागणे, लावणे. ड्युटी लागते, नंबर लागतो, फलाटाला गाडी लागते. ‘पुनर्वापर करा’ म्हटलं की डोळ्यांपुढे सांडपाणी आणि प्लॅस्टिक येतं. ‘तोच आज्ञाक्रम दुसऱ्या चालकाला लावा’ हे कुणालाही कळतं.

कोपरीची वाचक
‘जतन करा’ की ‘साठवा’?

घणसोलीकर
साठवा. जतन आपण जुन्या पोथ्यांचं करतो. हे तर रोज काढायचं, बदलायचं, परत ठेवायचं. दिघा गाव स्थानक २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या नकाशावरून केलेल्या आज्ञाक्रमात तो थांबा नाही, म्हणजे लोकल तिथून न थांबता ऐरोलीला जाणार. तेवढी एक आज्ञा मध्ये घातली की झालं.

पारसिक
आणि तुर्भ्यापुढे? तिथून एक वाट सानपाडा-वाशीला जाते, दुसरी जुईनगर-नेरूळला.

घणसोलीकर
म्हणूनच मी तुर्भ्यापर्यंतचाच तुकडा साठवतोय. शेपूट दोन्हींचं वेगळं. नावात सुरुवातीचं स्थानकही लिहायला सांगणार आहे, कारण कोपरखैरण्यात उभ्या असलेल्या चालकाला हा क्रम लावला तर तो आधी पहिली खूण गाठायला निघेल. मजकूर असा होईल: ‘ठाणे ते तुर्भे हा आज्ञाक्रम ठाण्यात उभ्या चालकाला लावा. वाशीला जायचं असेल तर पुढे सानपाडा आणि वाशी जोडा.’