मदत हवी आहे: वजन उतरतं, परत चढतं. आता डॉक्टर इंजेक्शन सुचवताहेत

गोकर्णी:

नमस्कार मंडळी. माझा वावर एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ८८ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५च्या जरा वर. बँकेत काउंटरवर बसायचं काम. रक्तदाबाची गोळी चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. थायरॉइड नॉर्मल आहे (आधीच सांगून ठेवते, पहिला प्रश्न तोच येतो). दीक्षित झाले, दिवेकर झाल्या, जिमची वर्षाची फी भरून झाली. दरवेळी वजन उतरतं, लोक कौतुक करतात, आणि मग ते व्याजासकट परत येतं. वजन उतरलेलं असताना जी भूक लागते, ती ज्यांना कधी लागली नाही त्यांना कशी सांगू? पोटात जेवण असतं आणि डोक्यात शेजारच्या टेबलावरचा डबा.

आता डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुचवलंय. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "ही पळवाट आहे." सासूबाई म्हणाल्या, "जिभेला लगाम घाला, फुकट मिळतो."

यात गंमत म्हणजे माझी आई. पन्नास किलोची, काटक, आणि कित्येक वर्षं मधुमेहाच्या गोळ्यांवर. तिला लोक म्हणतात, "अय्या, तुम्हाला कसा झाला?" माझी साखर अजून मधुमेहापर्यंत पोचलेली नाही, पण हळदीकुंकवाला माझ्या ताटलीतले लाडू मोजले जातात. तिचा आजार नशिबाचा आणि माझं वजन चारित्र्याचं, असं का?

वजन परत का येतं, हे घरच्यांना पटेल असं कुणी सांगेल का? इंजेक्शन बंद केल्यावर काय होतं? कुणी घेत असेल तर अनुभव लिहा. आणि कृपया "सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू" नको.

खवय्या_७:

कमी खा, जास्त चाला. ऊर्जेचा साधा हिशेब आहे. बाकी सगळी औषध कंपन्यांची दुकानदारी.

वाटाड्या:

@खवय्या_७, हिशेब खरा आहे, पण त्याचे दोन्ही रकाने शरीर स्वतःच बदलत राहतं. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत प्रचंड वजन घटवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं (अहवाल २०१६चा). त्यांची विश्रांतीतली ऊर्जेची खपत त्यांच्या वजनाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाली.

गोकर्णीताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, प्रॅक्टिस करत नाही, तेव्हा उपचाराचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला. भुकेबद्दल मात्र लिहितो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक (हॉर्मोन) सोडतात, ते १९९४ साली सापडलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ पडला असा लावतो. जठरातून येणारं घ्रेलिन वाढतं, भूक पेटते. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जाड माणसांचं वजन कडक आहाराने उतरवलं आणि वर्षभराने पुन्हा मोजमापं घेतली. भुकेची संप्रेरकं तोवरही मूळ पातळीवर आलेली नव्हती. हे २०११चं. म्हणजे तुमच्या डोक्यातला तो डबा रक्तात मोजता येतो. नवऱ्याला हे वाचायला द्या.

आईंचं कोडं तर पुण्यातच उलगडलंय. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्यामानाने राखलेली. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही मधुमेहाला पुरेशी चरबी असू शकते. म्हणून तर भारतीयांसाठी २५ बीएमआयलाच लठ्ठपणा धरतात आणि कंबर बायकांची ८०, पुरुषांची ९० सेंमीच्या आत असावी म्हणतात. "माझं पोट तेवढं सुटलंय, बाकी मी बारीक आहे" म्हणणाऱ्या पुरुषांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. त्यांच्या ताटलीतले लाडू कोणी मोजत नाही.

इंजेक्शन बंद केल्यावर काय, हा प्रश्न अगदी योग्य. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब चढतो, तेव्हा गोळीला कोणी पळवाट म्हणत नाही. तेव्हा सुरू करतानाच "किती काळ घ्यायचं आणि तेवढा खर्च झेपेल का" हे विचारा. चार महिने घेऊन सोडायचं असेल तर माझ्या मते न घेतलेलं बरं.

मृण्मयी_सातारा:

मी घेतेय. डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू झाला आणि हळूहळू वाढवला. दर वाढीला मळमळ आणि बद्धकोष्ठता. तेलकट खाल्लं की संपलंच. पण डोक्यातला खाण्याचा सततचा घोष थांबला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. चिवडा समोर आहे आणि मी फोनवर बोलतेय!

घटणाऱ्या वजनात स्नायूही जातात, त्यामुळे भूक नसली तरी प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. मी ताटात आधी उसळ, अंडं किंवा पनीर संपवते, भाकरी नंतर. डंबेल्सही उचलते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, तुम्हाला पित्ताशयात खडे किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मूल हवं असेल तर ते औषध किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारं इंजेक्शनचं पेन घेऊ नका, चिठ्ठी आणि बिल दोन्ही हवं.

गोकर्णी:

खूप आभार. नवऱ्याने वाटाड्यांचा प्रतिसाद वाचला आणि गुपचूप शिवणाची टेप आणून स्वतःची कंबर मोजली. ९७. त्यावर अजून काही बोललेला नाही.

जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा वजन घटवायचं ऑपरेशनच कर, विम्यातून होईल. खरंय का? आणि मी खूप घोरते, झोपून उठले तरी दमलेलीच असते. याचा काही संबंध?

वाटाड्या:

आरोग्य विम्यात ऑपरेशनसाठी बीएमआय ४० लागतो. ३५ असेल तर सोबत गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबणं), काबूत नसलेला टाइप २ मधुमेह किंवा हृदयविकार, आणि साधे उपाय करूनही फरक पडला नाही याची नोंद. पॉलिसीतलं स्थूलपणाचं कलम आणि त्याचा प्रतीक्षा कालावधी वाचून घ्या.

घोरण्याचा संबंध नक्की असू शकतो. मानेभोवतीच्या चरबीने झोपेत श्वासमार्ग दबतो, आणि त्याने रक्तदाबही चढा राहतो. इंजेक्शनचं ठरवण्याआधी झोपेची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच. नवऱ्याला बरोबर न्या. तुमचा श्वास रात्री मध्येच थांबतो का, हे त्यालाच ठाऊक असणार.